मयताच्या घरी ‘येतो’

तंजावरात मी मयताच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणालो. लोक तिथे देऊळ बघायला जातात. मी हौसेने तिथली जुनी मराठी ऐकायला गेलो होतो. दारातल्या चपलांचा ढीग पाहून समारंभ समजलो आणि आत शिरलो. कोपऱ्यात दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा दिसला, तसा घाईने मागे फिरलो आणि सवयीने म्हणालो, “येतो हं, परत येतो.” गेलेल्याचा थोरला भाऊ बाजेवर तापाने फणफणत होता. त्याच्या बायकोने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “परत? आता कुणासाठी येणार?” बाजेवरून खोल गेलेला आवाज आला, “सोड गे त्याला. मराठी येत नाही बिचाऱ्याला.”