दाव्याचं दुसरं टोक

निमगाव केतकीचे जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवर काटेवाडीपर्यंत येतात. हळू बोलतात आणि बोलता बोलता थांबून गव्हाणीकडे पाहत राहतात. सुई टोचल्यावर जनावराच्या मानेवर हात ठेवून डोळे मिटतात. आत चाललेलं काही त्यांना ऐकू येत असावं, असं वाटतं.

मावशीच्या कालवडीला लम्पी झाला. अंगभर गाठी उठल्या आणि ती बसली ती उठेचना.

"लस टोचली व्हती न्हवं? मग हे काय?" मावशी डॉक्टरांवर चिडली.

"लशीनं अँटिबॉडी तयार झाल्यात, आक्का. त्या विषाणूला दावं बांधत्यात. पण दुसरं टोक कुणीतरी धराय पायजे. पांढऱ्या पेशीवर त्यासाठी रिसेप्टर असत्यात. त्यांनी टोक धरलं, की पेशी विषाणूला वढती आन् गिळती."

"आन् न्हाय धरलं तर?"

उठू न शकणारं जनावर कशाला बांधायचं, म्हणून मावशीनं कालवडीच्या गळ्यातलं दावं खुंट्यापासून सोडून ठेवलं होतं. डॉक्टरांनी ते मोकळं टोक उचललं, हाताभोवती गुंडाळलं आणि पोत्यावर बसून डोळे मिटले.

"ती कुठं पळून चाललीया, डॉक्टर?" मावशी म्हणाली, पण चहा ठेवायला उठली.

ऊन सरकत गोठ्यात आलं. माश्यांची गुणगुण मंदावली. डॉक्टरांना झोप लागली, असं मला वाटलं. मग दावं हळूहळू ताठ झालं आणि त्यांचा हात पुढे ओढला गेला.

डोळे न उघडताच ते म्हणाले, "आक्का, पाणी आणा. उठतीया."