हुकं पुढं की मागं

मला लिहायला लावणं हा शुद्ध छळ आहे. शाळा चौथीत सुटली, तेव्हापासून पेन धरलं ते फक्त मापं उतरवून घ्यायला. पण आमच्या नाटकाच्या ग्रुपनं वही आणून मशीनवर आपटली. "चाचा, दिवसभर बडबडता, तेच लिहा की!"

चाळीस वर्षं नाटकाचे कपडे शिवतोय. मशीनखाली चिंध्या साठतात तसे किस्से साठतात, झाडायला वेळ कुणाला? त्यातले अश्विनीचे तेवढे वेचून देतो. बाकीच्यांनी रुसायचं तर खुशाल रुसा.

*

अश्विनी आमची नाटकं लिहिते, बसवते, त्यात कामही करते. पाटणकडची. जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा म्हणून पेढे वाटले. ती बाई आहे. झालं, एवढंच आहे, उगाच डोकं खाजवू नका.

आई वारलेली, घरी एक धाकटा भाऊ. वडील मिलिटरीतले रिटायर सुभेदार. "या घराची पायरी चढायची नाही," असं त्यांनी सांगितलेलं. पोरीला एकच आस. आप्पांनी एकदा आपलं नाटक बघावं आणि घरी चल म्हणावं. हे ती कुणाला सांगायची नाही. मला ट्रायल घेताना कळलं. अंगात टाचण्या असल्या की माणूस हलत नाही, मग खरं बोलतं!

*

पहिल्यांदा तिचा ब्लाऊज शिवला तेव्हा मी माती खाल्ली.

गावोगावच्या नाटकपार्ट्यांत अजून पुरुष बायकांची कामं करतात. त्यांचा ब्लाऊज मी वेगळा शिवतो. मागनं वेलक्रो, आत कापसाच्या गाद्या. दोन सीनच्या मध्ये टर्रकन निघतो. हात सवयीचा, तिलाही तसाच शिवला.

तिनं उलटून पालटून बघितला. "चाचा, हा कुणाचा?"

"तुझाच की!"

"मी काय सोंग काढनार हाय? बायकांचा असतो तसा शिवा. हुकं पुढं. आन कापूस नको."

"चाळीस वर्षांत मला कुणी शिवण शिकवली न्हाई!"

"मग आता शिका."

दुसऱ्या दिवशी गुमान सगळं उसवलं. पाच हुकं लावली, पुढं. तिनं घातला, एकेक हूक सावकाश लावलं आणि आरशासमोर उभीच राहिली. एवढा वेळ नवरीलासुद्धा लागत नाही! मी बाहेर जाऊन तंबाखू मळत बसलो.

*

आमची तालीम माधवनगरला, बंद पडलेल्या गिरणीच्या गोडाऊनमध्ये. तिथं एकदा पुण्याचे मोठे डायरेक्टर आले. अश्विनीला म्हणाले, "तुझ्यासाठी रोल आहे. एन्ट्री, टाळी, आशीर्वाद, एक्झिट. लाफ्टर गॅरंटी!"

अश्विनी म्हणाली, "सर, मला साधी बाई करू द्या. एसटी स्टँडवर डबा घिऊन थांबलेली. टाळ्या लोकं वाजवतील."

साहेब चहा न घेताच गेले. मग तो मी प्यायलो.

त्या डब्याच्या बाईवर तिनं स्वतःच नाटक लिहिलं. बाई रोज स्टँडवर येते, ज्याच्यासाठी डबा आणला तो काही उतरत नाही. तेवढंच. लय चाललं!

*

साताऱ्याच्या थेटरात मेकअपच्या खोल्या दोन. एक पुरुषांची, एक बायकांची. अश्विनी कुठंच गेली नाही, जिन्याखाली माझ्या कपड्यांच्या ट्रंकेवर बसून तोंड रंगवायला लागली.

आमच्या सुमनताई, रिटायर अंगणवाडीवाल्या, सासूची कामं करतात. त्या तरातरा आल्या. "हितं काय करतीयास गं?"

"बरी हाय की मी हितं."

"तू बरी असशील. माझ्या पदराची पिन कोण लावनार, ह्यो म्हातारा? ऊठ!"

दंडाला धरून घेऊन गेल्या. तेव्हापासून जिन्याखाली मी एकटाच.

*

म्हसवडला प्रयोग संपल्यावर एक आजीबाई काठी टेकत स्टेजवर चढली. अश्विनीच्या तोंडावरनं हात फिरवून म्हणाली, "लय ग्वाड काम केलंस. लेक कुणाची गं तू?"

अश्विनीचा चेहरा पडला.

मी साड्यांच्या घड्या घालत होतो. तिथनंच ओरडलो, "माझी!"

आजीनं माझी दाढी बघितली, टक्कल बघितलं. "व्हय? मग बापावर गेली न्हाई, बरं झालं बाई!"

*

ही बातमी पाटणला पोचली. आठवड्यात एक ताठ म्हातारा माझ्या दुकानात, मिशा थरथरतायत.

"माझ्या पोराची बाई करनारा टेलर तूच का रं?"

"मी फकस्त ब्लाऊज शिवला. बाई ती आधीपासनंच हाय."

त्यानं मशीनला अशी लाथ हाणली की चाक वाकलं. माझ्या अब्बांची मशीन! अजून चालताना टकटक वाजते.

मी म्हणालो, "आज संध्याकाळी सांगलीत तिचाच प्रयोग हाय. मागं खुर्ची ठेवतो."

तो गेला. मी खुर्ची ठेवली. तिसरी घंटा झाली तरी रिकामीच. मग पडद्याच्या फटीतनं बघितलं. खुर्ची सोडून एक माणूस दाराशी उभा होता, हात मागं बांधून. शेवटपर्यंत हलला नाही. पडदा पडला तेव्हा जागा मोकळी.

अश्विनीला काही बोललो नाही. पुन्हा आलाच नाही तर?

*

दिवाळीला आठ दिवस होते. दुकानात तोच म्हातारा, हातात पिशवी. पिशवीत हिरवी साडी आणि खणाचं कापड.

"ब्लाऊज शिवायचा हाय."

"कुणाचा?" मी मुद्दाम विचारलं.

"माप तुमच्याकडं हाय."

"नाटकात घालायचा असंल तर सांगा. मागनं वेलक्रो लावतो."

"न्हाई." त्यानं पिशवीची घडी घातली, परत मोडली. "भाऊबीजेला घरी येनार हाय ती. हुकं लावा. पुढं."

मी कापड बेतलं. तो स्टुलावर बसून राहिला, शिवून होईपर्यंत. मशीन टकटक वाजत होती, दोघांनाही ऐकू येत होती. शेवटचं हूक लागल्यावर उठला, वाकड्या चाकावरनं एकदा हात फिरवला आणि ब्लाऊज घेऊन चालता झाला.

माफी काही मागितली नाही. कोणी विसरू नये म्हणून नाव लिहून ठेवतो. सुभेदार हणमंत जगदाळे!