पडीक

ठाण्याच्या ठेसनावर पोर्टर हसला, ते मी अजून विसरलेलो नाही. बाच्या खांद्यावर मीठ ओढायचं लाकडी फावडं होतं, दांडा माणसाहून लांब. "म्हाताऱ्या, टिटवाळ्यात काय ओढणार यानं? वाळू?" पोर्टर म्हणाला. सकाळीच आम्ही तिघं, बा, आय आणि मी, कळव्याहून होडीनं खाडी ओलांडून आलेलो. बानं एकदाही मागं पाहिलं नव्हतं. मी पाहिलं. आमच्या मिठाच्या आगराचा बांध भरतीनं फुटला होता आणि आत चिखलात निवट्या मासोळ्या उड्या मारत होत्या. त्यांना काय त्याचं.

कळव्यात राहिलेल्यांनो, मी भेटलो की तुम्ही म्हणता, "धर्मा, तू बरा सुटलास. रेल्वेची नोकरी, डगला, दिवाळीला पास." हाकललेल्याला सुटला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, माझ्या तोंडावर म्हणू नका. आणि माझ्यासारखे उठून कल्याणला, इगतपुरीला गेलेल्यांनो, तुम्ही तरी खरं सांगा. दुपारी वारा पडला की तुमचं काम थांबत नाही का? माझं थांबतं. हातात हिरवं निशाण असतं, गाडी यायची असते, आणि मी गप्प उभा असतो.

कारण वारा पडला की मीठ धरायचं. चैत्रातली दुपार, कोंडीत, मिठाच्या वाफ्यात, अडवलेलं खाडीचं पाणी आटून तांबूस झालेलं. बा हात वर करायचा आणि बांधावरची सगळी माणसं जागच्या जागी थांबायची. "बोलू नको. धरतंय." पाण्यावर आधी काहीच नसायचं. मग एक पांढरा ठिपका, चौकोनी, माझ्या नखाएवढासुद्धा नाही. मग त्याच्या शेजारी दुसरा. बघता बघता दुधावर साय यावी तसा पातळ पापुद्रा यायचा, आणि जड झाला की गुपचूप खाली बसायचा. लहानपणी मी श्वास रोखून धरायचो, माझ्या फुंकरीनं मोडेल म्हणून. मोठा झालो, फावडं ओढायला लागलो, तरी रोखायचोच. एवढ्या वर्षांत बाला त्याचा कंटाळा आलेला मी पाहिला नाही.

ते आगर एका शब्दानं गेलं. श्रावणात सरकारी मोजणीचा कारकून आला, पगडीवाला, जोडे हातात घेऊन बांधावरून चालत. पावसानं कोंड्या तुडुंब भरलेल्या. त्यानं विचारलं, "इथं काय पिकतं?"

बा म्हणाला, "मीठ पिकतं. पन आता नाय. पावसात नाय पिकत."

खाडीकाठी मीठ पिकतंच. भात पिकतं तसं मीठ पिकतं, दुसरा शब्दच आमच्याकडे नाही. कारकुनाला हसू आलं. "मीठ कधी पिकतं का? म्हणजे सध्या काही पिकत नाही."

"नाय," बा म्हणाला.

त्यानं कागदावर एक शब्द लिहिला आणि बानं अंगठा उठवला. कागद भिजू नये म्हणून त्याच्यावर छत्री मीच धरली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुढं हुकूम आला की कागदावर आगर असेल त्यालाच मीठ काढायचा परवाना. आमच्या कागदावर होतं, पडीक. ज्या जमिनीत आजोबापासून मीठ पिकलं, ती पडीक. बा कचेरीच्या पायऱ्यांवर तीन दिवस बसला आणि एकच सांगत राहिला, "मी खरं बोललो." खरं बोलला म्हणून तर गेलं.

टिटवाळ्यात मला ठेसनावर निशाण दाखवायचं काम मिळालं, आणि तिथल्या तिकीटबाबूंकडे मी अक्षरं शिकलो. कल्याणचे होते, सोवळ्याचे, पण शिकवताना हात आखडला नाही. "अरे, एवढ्या रागानं पाटी घासू नकोस, फुटेल ती," म्हणायचे. पहिला पुरा शब्द मी लिहिला तो पडीक. लिहिला आणि थुंकी लावून पुसला. बाबूंनी कारण विचारलं नाही.

फावडं भिंतीला टेकून राहिलं, आय त्यावर लुगडं वाळत घालायची. बा काळू नदीवर जाऊन बसायचा आणि चिडून परत यायचा. "हिला भरती नाय. येक डाव गेली का गेली." दोन पावसाळ्यांत त्याची छाती भरली, चालणं सुटलं. मग त्यानं मागणं सुरू केलं. औषध नाही, देव नाही. "येकदा धरताना पायचंय." जायचं म्हटलं तर होडीत बसण्याची ताकद नव्हती, आणि वैद्य बोलून गेले होते की वैशाख काही निघायचा नाही.

चैत्रात मी रजा टाकली, मडकं घेतलं आणि कळव्याला आलो. चुलत्याच्या कोंडीतलं तांबूस पाणी भरलं. चुलता घाबरला, मी त्याच्यावरही ओरडलो. धक्क्यावर मीठखात्याचा शिपाई उभा होता. परवान्याशिवाय मूठभर मीठ सापडलं तरी त्यानं धरलं असतं. "काय रे मडक्यात?" त्यानं विचारलं.

"पाणी," मी म्हणालो. बासारखं मीही खरंच बोललो, आणि या वेळी खऱ्यानं वाट दिली.

दुसऱ्या दिवशी आयची लाकडी काठवट अंगणात मांडली, पाणी ओतलं, बाला उचलून शेजारी बसवलं. सूर्य डोक्यावर आला. वारा पडला. तिकडं मालगाडी शिटी देत होती, ती गेली. बानं हात वर केला. आय दारात थांबली, मी श्वास रोखला.

ठिपका आला. चौकोनी, पांढरा. मग दुसरा.

बानं किती वेळ पाहिलं, ठाऊक नाही. साय खाली बसल्यावर त्यानं बोटानं चिमूटभर काढलं, जिभेवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुला लिवता येतं ना आता?"

"येतं, बा."

"मग लिव. पिकलं."

चुलीतला कोळसा घेऊन मी भिंतीवर लिहिलं, फावड्याच्या शेजारी. बाला उचलून भिंतीशी नेलं. त्याला वाचता येत नव्हतं, तरी प्रत्येक अक्षरावर त्यानं बोट फिरवून खात्री केली. वैशाख लागायच्या आत तो गेला.

घर कुठलं, विचारता ना मला? दर दिवाळीला मी भिंत सारवतो, तेवढी जागा सोडून.