साडूंचा सेंटर फॉरवर्ड

माझे थोरले साडू ज्या ताकदीने रागावत, ती ताकद सरकारने वेळीच ओळखली असती तर जबलपुरात तोफांचे कारखाने काढावेच लागले नसते. त्यांना नुसतं सीमेवर उभं करायचं आणि कोणीतरी म्हणायचं, "फुटबॉल म्हणजे बिनडोक खेळ." पुढचं त्यांनी बघून घेतलं असतं. चहात साखर जास्त झाली की ते रागावत, कमी झाली की चहा करणाऱ्याच्या घराण्यावर घसरत. तिलवारा घाटावर नर्मदेत बुडी मारली, तरी अर्धं राहिलेलं भांडण पाण्याबाहेर येताच पुढे सुरू होई. फुटबॉलच्या मैदानावर त्यांच्या पुढची जागा कायम रिकामी. आपला खेळाडू गोल मारायला धावला की इकडे साडूंचाही उजवा पाय सुटे, आणि पायात कारखान्याचे जड बूट. एकदा नवे आलेले मोठे साहेब अजाणतेपणी तिथे बसले आणि पाठीत सणसणीत लाथ खाऊन उठले. साडू माफी मागायची सोडून म्हणाले, "साहेब, गोल झाला ना? मग काहून ओरडून राहिले?"

या माणसाचं एकच स्वप्न होतं. आमच्या तोफांच्या कारखान्यातला एक तरी गडी भारताकडून खेळावा. तो गडी त्यांना सापडलाही होता, लेथवर काम करणारा दुलीचंद. भोंगा झाला की साडू त्याला मैदानावर नेत आणि अंधार पडेपर्यंत शिव्या घालत. मग लढाई सुरू झाली. ओव्हरटाइम आला, खेळाडूंना सरावासाठी मिळणारी सुट्टी बंद झाली. त्याबद्दल साडूंनी चकार शब्द काढला नाही. सीमेवर माल वेळेत पोचायला हवा, हे त्यांनाही कळत होतं. पण आमच्या क्रीडा समितीला शहराची शील्ड हातची जाऊ द्यायची नव्हती. तिने कॉलेजात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना आमची जर्सी चढवली. त्यात आफ्रिकेतून आलेला एक उंच, हसरा सेंटर फॉरवर्ड होता. त्याने गोलांचा पाऊस पाडला, शील्ड आली, पेढे वाटले गेले.

लढाई संपली, सुट्टी परत मिळू लागली, तरी समितीने तोच सेंटर फॉरवर्ड ठेवला. दुलीचंद टॉवेल घेऊन बाकावर. मी त्याच कारखान्यात कारकून होतो, हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्या समितीचं नाव काढलं की आजही माझं डोकं भणभणतं. सेक्रेटरी आमचाच, नागपूरकडचा. पेढे पुढे करत म्हणाला, "दादा, आपण जिंकून राहिलो ना? मग भांडण कशाचं?"

"देशाची टीम निवडायला येतील तेव्हा कोणाला दाखवशील? शील्डला?" साडूंनी पेढ्यांचं ताट भिरकावलं.

त्या परदेशी पोरावर मात्र त्यांचा तिळमात्र राग नव्हता. "खेळायला मिळते तर तो काहून नाही खेळणार?" दर रविवारी त्याला जेवायला बोलावत. पाटवडीच्या रश्श्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, की तिखट टाकलं म्हणून बायकोवर ओरडत.

शेवटी निवड करणारे आले. आमच्या गोलांची कीर्ती ऐकूनच आले. गोल मारणारा परदेशी आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, दुसरा कोण? दुलीचंदला बाकावरून उठवून मैदानात ढकललं. पायात जोर तोच होता, पण चेंडू समोर आला की तो क्षणभर थांबे आणि आजूबाजूला बघे. मारणारा दुसराच कोणीतरी असतो, याची त्याला सवय झाली होती. निवड करणाऱ्यांनी मध्यंतरातच वह्या मिटून चहा मागवला. साडूंनी त्या दिवशी समितीपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना झोडपलं, एकट्या दुलीचंदला सोडून.

काही वर्षांनी वर्तमानपत्रात एक फोटो आला. तो उंच, हसरा पोरगा आपल्या देशाच्या जर्सीत. साडू पेपर घेऊन तडक दुलीचंदच्या लेथपाशी गेले, मी मागोमाग. दुलीचंदने हात पुसून फोटो नीट पाहिला आणि तो मनापासून हसला.

"अच्छा खेलता था, दादा."

"और तू?" साडू कडाडले. "तू क्या बुरा खेलता था?"

दुलीचंदने लेथ पुन्हा सुरू केली. त्या आवाजात साडू आणखी काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. फक्त त्यांनी त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात दिसला, आणि तो बराच वेळ तिथेच होता.