काठावरची नावं

तोआकासेच्या गादीखाली एक चटई होती, आणि आमच्या फोआ बेटावर ती ठाऊक नाही असं घर नव्हतं. आमच्याकडे चांगल्या चटया गादीखालीच ठेवतात. चटई सपाट राहते आणि चोराला आधी म्हातारीला उठवावं लागतं. केवड्याच्या पानांच्या दोऱ्याएवढ्या बारीक पट्ट्या काढून तोआकासेच्या पणजीनं ती विणली होती. आता धुवट कापडासारखी मऊ पडलेली, रंग उडालेला, आणि एका बाजूचा काठ जागोजाग फाटून सांधलेला. तोआकासेला विचाराल तर चटई म्हणजे तो काठच, बाकीचं सगळं त्याला धरून ठेवायला.

तिच्याकडे कुणी बसायला आलं की ती चटई बाहेर काढायची, मांडीवर घ्यायची आणि काठावरून बोटं फिरवत सांगायची. हा जाड सांधा पणजीचा. होडीतच बाळंत झाली, बाळाला हिच्यात गुंडाळलं आणि काठ होडीच्या खिळ्याला अडकला. हा तिरका सांधा आजीचा. वादळात छप्पर उडालं तेव्हा चटई डोक्यावर धरून मुलांना घेऊन ती देवळाकडे पळाली, आणि एक मुलगा हातातून सुटला. इथं, त्या मुलाच्या नावाशी, तोआकासे नेहमी थांबायची आणि दाराकडे बघायची. आणि तिचा मुलगा सेमिसी दारात बसल्या बसल्या म्हणायचा, "फोलाऊ." मग पुढचा सांधा. शेवटचा तिचा स्वतःचा होता, तान्ही मुलगी गेली तेव्हाचा. तो कच्चाच राहिला.

अशा गोष्टी मुलींना सांगायच्या असतात, इतरांनी ऐकल्या तरी परस्पर सांगायच्या नसतात. पण तोआकासेला ती एकच मुलगी झाली आणि तीही अशी गेली. नवरा गेला, उरला सेमिसी. तो आईची नक्कल करायचा, चटईला "आईची बखर" म्हणायचा, पण त्याला सगळं पाठ होतं. सून आली की तो तिला सांगेल, एवढ्यावर म्हातारी निश्चिंत होती.

सेमिसी समुद्राच्या तळावरचे ते काकडीसारखे जीव गोळा करायला बुडी मारायचा. चिनी व्यापारी घेतात ते. एका सकाळी बोटीवरचा हवेचा पंप बंद पडला आणि वरच्यांना कळेपर्यंत उशीर झाला होता.

आता आमच्याकडे मयताच्या घरी मान असतो तो आत्याचा. बापाची बहीण उशाशी बसते. कुठली चटई मातीत जाणार आणि कुठली राहणार हे ती ठरवते, आणि जी आवडेल ती घेऊन जाते. आईकडचे लोक खालचे. त्यांनी केस मोकळे सोडून, फाटकी गोणपाटासारखी चटई कमरेला गुंडाळून मागे चुलीवर राबायचं. जन्म देणारीनंसुद्धा. सेमिसीची आत्या सिसिलिया. बाई वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून टाकतो. पण मान घ्यायचा म्हटलं की पुरेपूर घ्यायची.

शेजारणींनी तोआकासेला समजावलं. जुनी चटई ठेव, त्याच्याखाली नवी एखादी अंथर, सिसिलियाची नजर त्या चटईवर कधीपासूनची आहे. तिनं ऐकलं नाही. तिला ती चटई सेमिसीबरोबर मातीत जायला हवी होती. सांगणारा गेला, तर जे सांगायचं तेही त्याच्याबरोबर जाऊ दे, असा तिचा हिशेब. चटई लेकाखाली अंथरून ती मागे गेली आणि रताळी सोलत बसली. मागायचा हक्क तिला नव्हता, म्हणून तिनं काही मागितलं नाही.

दफनाच्या वेळी सिसिलियानं ती चटई अलगद बाजूला काढली. एवढी जुनी चीज मातीत घालायची नसते, म्हणाली, आणि घडी करून आपल्यामागे ठेवली. तोआकासेनं ते चुलीजवळून पाहिलं. आत्याचा तो मानच होता. यात गैर असं काहीच नव्हतं.

दहाव्या दिवशी रीतीप्रमाणे सिसिलियानं तोआकासेचे केस कापले. आधीच विरळ झालेले केस, कात्रीच्या दोन-चार फटक्यांत संपले. मग कात्री खाली ठेवून सिसिलिया तिच्यासमोर बसली. इतक्या वर्षांत ती अशी जमिनीवर, समोरासमोर कधी बसली नव्हती.

"वहिनी, त्या चटईचं सांगा ना मला. ते सांधे कुणाकुणाचे ते. उद्या कुणाला द्यायची वेळ आली तर मला सांगता आलं पाहिजे. सेमिसीचंही नाव घेईन मी."

तोआकासेनं मान वर केली नाही. चटई नेलीस, लेक तर समुद्रानं नेला, आता हेही ने. एवढंच तिच्या मनात येत होतं.

"आठवत नाही मला, ताई."

"असं कसं? सगळ्या बेटाला ऐकवलंत की."

"आठवत नाही म्हटलं ना."

सिसिलिया उठून गेली. तोआकासेला त्या दिवशी, सेमिसी गेल्यापासून पहिल्यांदा, पोटभर जेवण गेलं. मी तिला दोष देत नाही. तिच्याजवळ नाही म्हणण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

पुढच्या वर्षी सिसिलियाच्या नातीचं लग्न ठरलं आणि देवळाच्या सभागृहात सगळं बेट लोटलं. डुकरं भाजली होती, चटयांचे ढीग लागले होते. एकेक चटई दोन बायका उलगडून धरायच्या आणि तिसरी तिचं मूळ सांगायची. मग ती चटई निघाली. तोआकासेनं लांबूनच ओळखली. सांगणारीनं तोंड उघडलं, सिसिलियाकडे पाहिलं आणि नुसतं म्हणाली, ही जुनी चटई, नवरीच्या आजीकडून.

एवढंच. पणजी नाही, होडी नाही, सेमिसी नाही. ही चटई उद्या वरपक्षाबरोबर ऑकलंडला जाणार, तिथून आणखी कुणाच्या लग्नात, आणि दर वेळी ती नुसती जुनी चटई असणार. वर्षभर जो राग तिनं जपला होता, तो कुणावर होता हेच तिला कळेना. ती उठली. वरपक्षातल्या कुणी भुवया उंचावल्या, पण सिसिलियानं हातानंच सगळ्यांना गप्प केलं.

"सांगू द्या त्यांना. या वहिनी, पुढे या. तुम्हीच सांगा."

आवाजात टोमणा नव्हता. तोआकासे पुढे गेली, चटईचा कोपरा तिनं हातात घेतला आणि बोटं काठाकडे नेली. काठ नव्हता. तिथं सरळ कापलेली किनार होती आणि तिला लाल लोकरीची नवी झालर लावलेली होती.

"फाटका होता हो तो भाग," सिसिलिया हळूच म्हणाली. "कशाचं काय ते कुणी सांगितलंच नाही. म्हणून कापून नीट करून घेतला."

तोआकासेनं तरीही सुरुवात केली. पणजीचं सांगितलं, होडीचं सांगितलं. बोटं लोकरीवरून सरकत होती आणि कुठं थांबायचं ते त्यांना समजत नव्हतं. वादळावर आली. छप्पर उडालं, चटई डोक्यावर धरली, मुलं धरली.

"आणि एक मुलगा हातातून सुटला. त्याचं नाव..."

ती थांबली. लहानपणापासून ऐकलेलं नाव जिभेवर येईना. बायका वाट पाहत होत्या, वधू मान खाली घालून बसली होती. तोआकासेनं पुन्हा सुरुवातीपासून जाऊन पाहिलं, पुन्हा तिथंच अडली.

मग नेहमीच्या सवयीनं तिनं दाराकडे पाहिलं आणि पाहतच राहिली.