बिनब्रेकचा शेजारी

ड्रायव्हिंग टेस्टमध्ये पुन्हा नापास होऊन घरी आले. लेकीच्या डोक्याला लावायला म्हणून गॅसवर एरंडेल तापत ठेवलं आणि नवऱ्याला फोन लावून रडत बसले. तो रुवैसला रिफायनरीत, सुट्टीपुरता शारजाला घरी येतो. "अगं, सोड ना आता तो नाद," म्हणाला. नाद! माझं टाळकं असं सटकलं की तेलाची शुद्धच राहिली नाही. घरभर धूर झाला आणि बेल वाजली.

दारात समोरच्या फ्लॅटमधला गोरा म्हातारा. याच्याशी माझं बोलणं नव्हतं. मुलीकडे नवीन राहायला आला तेव्हा लिफ्टमध्ये मला "मॉर्निंग, लव्ह" म्हणाला होता. मी असे काही डोळे वटारले की बिचारा कितीतरी दिवस जिन्याने जात होता. विलायतेत त्यांच्या गावात दुकानदारापासून बस कंडक्टरपर्यंत सगळे सगळ्यांना तसंच म्हणतात, हे त्याच्या मुलीने मला मागाहून सांगितलं. तर आज हा दारात डोळे मिटून उभा, नाक वर करून लांब लांब श्वास घेतोय. म्हटलं, आता आग लागली म्हणून ओरडणार.

"कोण रेस करतंय?" त्याने विचारलं.

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. धुराने असेल असं समजून मी त्याला खुर्ची दिली, चहा टाकला. मग कळलं, तरुणपणी तो स्पीडवेचा रायडर होता. हे प्रकरण मी जन्मात ऐकलं नव्हतं, म्हणून त्याने डायनिंग टेबलावर कप मांडून दाखवलं. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार मोटरसायकली, चार फेऱ्या, खलास. गिअर एकच, आणि ब्रेक नाहीच.

"नाहीच म्हणजे, अंकल?"

"म्हणजे नाही."

सगळी वळणं डावीकडे. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि डावा पाय जमिनीवर टाकायचा. त्या बुटाला खालून लोखंडी तळवा. आणि इंजिनात एरंडेल! अम्मी आमचं नाक दाबून जे घशात ओतायची, ते यांच्या इंजिनात जळायचं, आणि शनिवारी त्या वासामागे अख्खं गाव स्टेडियमवर लोटायचं. इतर दिवशी तो कारखान्यात लेथवर. चॅम्पियन कधीच झाला नाही. "कप दुसऱ्यांनी नेले, माती मात्र मी पोटभर खाल्ली," म्हणाला आणि खुशीत हसला. शेवटच्या रेसमध्ये तो सगळ्यांच्या पुढे होता. तिसरी फेरी संपता संपता त्याने एकदाच कुंपणाकडे पाहिलं आणि गाडी सरळ कुंपणातच गेली. खुबा मोडला, रेसिंग संपलं.

"तीन झाल्या, एक राहिली," एवढंच म्हणाला आणि आणखी चहा मागितला.

मग मीही माझं रडगाणं लावलं. रत्नागिरीला मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. लग्नानंतर इथे येऊन नुसती पोळ्या लाटत होते. आता अल कुसैसच्या एका क्लिनिकला घरोघर जाऊन ब्लड सॅम्पल घेणारी बाई हवी होती. जागा माझीच, पण लायसन्स हवं. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले होते. आणि मी दर वेळी राउंडअबाउटला मार खात होते. रत्नागिरीत स्कूटर चालवलेली, तिथे सर्कलला गाड्या उजवीकडून येतात. इथे सगळं उलट, गाड्या डावीकडून. माझी मान आपोआप उजवीकडे वळायची, डावीकडून कोणीतरी अंगावर यायचं आणि मी भररस्त्यात ब्रेकवर उभी राहायचे. टेस्ट घेणारी पोलीसबाई दर वेळी "खलास" म्हणून कागद मिटायची.

म्हाताऱ्याने टेबलावर थाप मारली. "आमच्याकडचे रस्तेही तुमच्यासारखेच! माझ्या बाजूने, डावीकडे वळत, मी फक्त शनिवारी ट्रॅकवर फिरायचो. इथे आलो तर काय, सगळे राउंडअबाउट माझ्याच बाजूने फिरतायत!"

गाडीवर शिकवायला त्याला कायद्याने बंदी. म्हणून बिल्डिंगमागच्या वाळूच्या प्लॉटमध्ये एक खजुराचं झाड आहे, त्याभोवती तो मला चालवायचा. रोज संध्याकाळी, पुढे लंगडणारा गोरा आणि मागे डोक्यावर ओढणी, पायात चपला, अशी मी. "कुंपणाकडे बघू नकोस, लव्ह! जायचंय तिकडे बघ!" बाल्कन्यांत ही गर्दी. लेक म्हणाली, "मम्मा, यू आर सो एम्बॅरसिंग." म्हटलं, असू दे, मला लाज परवडते, नापास होणं परवडत नाही. हळूहळू मान आपसूक डावीकडे वळू लागली.

टेस्टच्या दिवशी राउंडअबाउट आला. डावीकडे पाहिलं, फट मिळाली, शिरले, ब्रेकला पायही न लावता बाहेर आले. पोलीसबाई म्हणाली, "मबरूक." म्हणजे अभिनंदन, पास! मी तिच्यासमोरच भोकाड पसरलं. घरी येऊन आधी समोरची बेल वाजवली, नवऱ्याला फोन नंतर.

क्लिनिकची नोकरी सुरू झाली आणि म्हाताऱ्याचं जाणं ठरलं. मुलीचं इथलं काम संपलं होतं. ती आधीच सामान घेऊन पुढे गेली. त्याला एअरपोर्टला मी सोडणार, असं मी सांगून टाकलं, विचारलं नाही. पहाटेची नमाज पढून निघालो. लेक मागे पेंगत होती. हायवेच्या आधीच्या मोठ्या राउंडअबाउटवर चिटपाखरू नव्हतं.

आमचा एक्झिट आला, मी सोडला. पुन्हा आला, पुन्हा सोडला. लेक जागी झाली. "मम्मा, यू मिस्ड द एक्झिट!"

"गप बस."

तिसरी फेरी संपत आली तसा तो सीटवर ताठ झाला. माझ्या लक्षात आलं, त्याने डावा पाय लांब केलाय आणि अंग डावीकडे टाकलंय. कुंपणाकडे नाही, माझ्याकडे नाही, तो फक्त समोर बघत होता. मी गाडी चौथ्या फेरीत घातली. ब्रेकला पाय लावला नाही. एक्झिट आला तेव्हा त्याने हात वर केला, अगदी छतापर्यंत.

"झाली," तो म्हणाला.

मला इतका आनंद झाला होता की हायवेचा बोर्ड दिसेना. त्याने आपला रुमाल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आता डोळे पूस आणि समोर बघ, लव्ह."