सातव्या गाण्यात वाजलेला फोन

लिहू की नको, असं करण्यात दोन महिने गेले. वाचकांच्या अनाकलनीय अनुभवांचा हा कॉलम मी कॉलेजपासून वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणून वाचायचे. आमच्या घरात असल्या गोष्टींना थाराच नाही. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा अंगारे, गंडेदोरे, नवस सगळं एकदमच सुटलं. बाबा तर या बाबतीत आजोबांपेक्षा कडक. लहानपणी मला ताप आला म्हणून शेजारच्या मावशी दृष्ट काढायला मिरच्या घेऊन आल्या, तर बाबांनी त्या मिरच्या त्यांच्या हातातून घेतल्या आणि आईला सांगितलं, ठेच्यात टाक. अशा घरातली मी. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण जसं घडलं तसंच सांगते.

आम्ही शेलूबाजारला राहतो. हायवेपासून आत तिसरी गल्ली, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. बाबांची जीप आहे. एरवी शेलूबाजार ते मंगरूळपीर सवारी, लग्नसराईत वऱ्हाडं. मी मंगरूळपीरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये सकाळच्या बॅचेस घेते आणि एकच्या सुमारास घरी येते. दुपारी दोन ते चार – बाबा फेरीवर, आई मागच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर – तेवढा वेळ गिटारचा.

गिटार मला इंगोले सरांनी शिकवली. सर पंचायत समितीत नोकरीला होते, पण गावाला ते माहीत ऑर्केस्ट्रामुळे. जयंतीचा कार्यक्रम असो की गणपतीचा, स्टेजवर गिटार सरांचीच. रिटायर झाल्यावर ते आणि काकू गावाबाहेर, वाशीम रोडला शेतातल्या घरात राहायला गेले. मुलगी पुण्याला. शिकवण्याचा मोबदला म्हणून सरांनी माझ्याकडून कधी काही घेतलं नाही, फक्त मोबाईलमधलं काही अडलं की मला बोलवायचे.

तर मागच्या हिवाळ्यात वाशीमला नवीन निघालेल्या एका कॅफेवाल्यानं मला विचारलं – शनिवारी संध्याकाळी एक तास, एकटीनं, नुसती गिटार आणि आवाज. मागे तबला नाही, कीबोर्ड नाही. मी आजवर एकटी कधी स्टेजवर बसले नव्हते. तरी हो म्हटलं.

बारा गाणी लागणार होती. माझ्या वहीत चाळीस होती. वाशीमला कॅफेत येणार कोण? कॉलेजची पोरं येणार, घरची मंडळीही येणार. सगळी नवी गाणी घ्यावीत तर गिटारवर नुसती पोकळ वाटतात, जुनी घ्यावीत तर पोरं मोबाईल काढणार. मी आणि सर दोन दिवस त्यावर बसलो होतो. कुठलं गाणं माझ्या पट्टीत बसतं, कुठल्याला सूर चढवायला कॅपोचा चिमटा लावायचा, दोन संथ गाणी पाठोपाठ येऊ द्यायची नाहीत... सगळं सरांनी लिहून दिलं. सातव्या नंबरला त्यांनी एक जुनं हिंदी गाणं टाकलं. फार संथ, चार कॉर्डचं. ऑर्केस्ट्रात दर वेळी ते हेच वाजवायचे. मला ते कठीण वाटत होतं, कारण त्यात लपायला जागाच नाही. सर म्हणाले, म्हणूनच घे.

रियाज मी रेकॉर्ड करायचे. त्यासाठी माझा जुना मोबाईल होता, त्यात सिम नाही. तो स्टुलावर ठेवायचा आणि बारा गाणी न थांबता म्हणायची. माझा रोजचा फोन मागच्या खोलीत, सायलेंट, चार्जिंगला. ही बाब लक्षात ठेवा.

कार्यक्रमाला अकरा दिवस होते. मंगळवार. दुपारी मी पूर्ण लिस्ट वाजवली. सातवं गाणंही पूर्ण झालं, एका ठिकाणी श्वास कमी पडला एवढंच. रेकॉर्डिंग ऐकायला वेळ मिळाला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मंगरूळपीरच्या एसटीत इयरफोन लावून बसले. सहा गाणी ठीक. सातवं सुरू झालं. दुसऱ्या अंतऱ्याची दुसरी ओळ आली आणि फोनची रिंग वाजली.

मी पर्समध्ये हात घातला. फोन गप्प होता. रिंग कानातच वाजत होती... माझ्याच फोनची. मग गिटार थांबली, लाकडाला काहीतरी टेकल्याचा आवाज आला, आणि माझा आवाज :

"हां, बोला ना... कवा?... जवळ कोनी आहे का?... थांबा, निघाली मी."

त्यावर एका माणसाचं काहीतरी अस्पष्ट बोलणं, भराभर पावलं, आणि मग नुसती शांतता. आठवं गाणं त्या रेकॉर्डिंगमध्ये नव्हतंच. मी तर बाराही म्हटली होती.

शेजारच्या सीटवरच्या बाईंनी मला विचारलं की उलटी होते का. मी मान हलवली आणि खिडकी उघडली.

क्लासमध्ये माझ्याबरोबर स्नेहल शिकवते. तिला ऐकवलं. ती म्हणाली, जुना कुठला तरी कॉल यात मिसळला असेल. पण कॉम्प्युटर शिकवणाऱ्या आम्ही दोघी. फाईलची तारीख पाहिली, वेळ पाहिली – मंगळवारचीच, दुपारची. माझ्या फोनची कॉल लिस्ट पाहिली, त्या दुपारी एकही कॉल नव्हता. असं बोलणं माझं कधी कोणाशी झालंय, तेही आठवेना. स्नेहलनं दुसऱ्यांदा ऐकायला नकार दिला.

आईला मी रात्रीचा स्वयंपाक चालू असताना ऐकवलं, कुठलं काय ते न सांगता. ती म्हणाली, "आवाज तर तुयाच आहे. घाबरून काहून बोलून राह्यली पन?"

त्या 'घाबरून'नं मला धरलं. कारण मलाही तेच ऐकू आलं होतं. 'जवळ कोनी आहे का' हे माणूस कधी विचारतो? मला एकच उत्तर सुचत होतं. बाबा, जीप आणि हायवे.

पुढचे दिवस मी घरच्यांना भंडावून सोडलं. बाबा फेरीवर निघाले की टायर बघितले का, ब्रेक बघितले का. पोचले की फोन करा. आई विहारात गेली आणि अर्धा तास उशीर झाला तर मी गल्लीच्या तोंडाशी उभी. सातवं गाणं मी वाजवणंच बंद केलं. सहावं झालं की सरळ आठवं. पण त्या रिकाम्या जागेनंतरची पाचही गाणी बिघडायची. माणूस न मानणारा असला तरी भीती काही मत विचारून येत नाही. मी स्वतःला रोज समजवायचे की हा मोबाईलचा घोळ आहे, आणि रोज सहाव्यावरून आठव्यावर उडी मारायचे.

सरांना मात्र खरं कारण सांगितलं नाही. फोनवर म्हटलं की वरचा सूर लागत नाही, मी ते काढतेय. सर म्हणाले, ये, बसू. मी गेले नाही. गेले असते तर त्यांनी ते गाणं वाजवायला लावलं असतं. दोनदा फोन आला, दोन्ही वेळा मी काहीतरी कारण सांगितलं.

रविवारी बाबांना पोहरादेवीची सवारी होती. मंगरूळपीरचं एक कुटुंब दर्शनाला जाणार होतं, दिवसभराचं काम. शनिवारी संध्याकाळी मी बाबांसमोर बसले आणि जाऊ नका म्हटलं. कारण विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, रेकॉर्डिंगही ऐकवलं. बाबांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "आपन असं मानत नाही. तुले मालूम आहे." मी रडायला लागले. सत्तावीस वर्षांची घोडी, हमसून हमसून. शेवटी त्यांनी ती सवारी दुसऱ्या जीपवाल्याला दिली. माझ्याशी मात्र रविवारी सकाळपासून बोलले नाहीत. जीप दारात उभी, आणि बाबा पडवीत पेपर वाचत.

दुपारी सरांचा व्हॉइस मेसेज आला. आवाज थकलेला होता, मला तेव्हा तो नाराज वाटला. "एकदा वाजवून पाठव. मंग काढाचं असलं तं काढ."

मी विचार केला – आई समोर आहे, बाबा समोर आहेत, जीप दारात आहे. आता वाईट बातमी येणार कुठून? दोघांना मी खोलीत खाटेवर बसवलं. रोजचा फोनही यावेळी सायलेंट काढून जवळच ठेवला, म्हणजे काही वाजलंच तर दिसेल. जुना मोबाईल स्टुलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि सातवं गाणं धरलं. पहिला अंतरा गेला. आई डोळे मिटून ऐकत होती. दुसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ गेली, आणि दुसऱ्या ओळीत फोन वाजला.

स्क्रीनवर काकूंचं नाव होतं.

गिटार खाली ठेवताना ती खाटेच्या लाकडाला लागली. "हां, बोला ना," मी म्हटलं. काकू रडत होत्या. सर मोटर बंद करायला विहिरीवर गेले होते, येताना अंगणातच पडले, तोंड वाकडं झालंय, बोलता येत नाही. "कवा?" मी विचारलं, आणि विचारता विचारता मला कळलं की हे मी आधी ऐकलंय. पुढचं वाक्य मला माहीत होतं. ते म्हणू नये असं वाटत होतं. पण शेतात एकट्या असलेल्या बाईला दुसरं काय विचारणार? "जवळ कोनी आहे का?" कोणीच नव्हतं. "थांबा, निघाली मी."

बाबा उठले होते. "चाल, जीप काढतो," म्हणाले. आईनं चप्पलही घातली नाही.

सात-आठ मिनिटांत आम्ही शेतात होतो. बाबांनी आणि मी सरांना मागच्या सीटवर आडवं केलं, काकूंनी डोकं मांडीवर घेतलं. मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी बघताक्षणी अकोल्याला न्यायला सांगितलं. बाबांनी जीप कशी चालवली ते मला आठवत नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी आत नेलं, इंजेक्शन दिलं, आणि दोनेक तासांनी बाहेर येऊन सांगितलं की पॅरालिसिसचा झटका आहे, पण वेळेत आणलं. आणखी उशीर झाला असता तर हे इंजेक्शन देताच आलं नसतं.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बाबा माझ्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ किल्ली बोटात फिरवत होते. मग म्हणाले, "मी त्या टायमाले पोहऱ्याच्या रस्त्याले असतो." एवढंच. त्यानंतर हा विषय त्यांनी घरात कधी काढला नाही, आणि मीही नाही.

मला जे खातंय ते वेगळंच आहे. त्या पाच दिवसांत मी बाबांचा विचार केला, आईचा केला, स्नेहलचासुद्धा केला. सर एकदाही मनात आले नाहीत. काकूंनी नंतर सांगितलं की आठवडाभर सरांचं डोकं दुखत होतं आणि बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या. मी त्यांच्या घरी गेले असते तर मला दिसलं असतं, गोळ्या आणल्या असत्या. आणि गेले नाही ते त्याच गाण्याला घाबरून.

सर महिन्याभरात बोलायला लागले. डाव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत, म्हणजे कॉर्ड धरता येत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही रेकॉर्डिंग मागितली – मंगळवारचं आणि रविवारचं. एकामागून एक ऐकली. शब्द तेच, थांबे तेच, लाकडाचा ठोकाही तोच. मंगळवारच्या रेकॉर्डिंगमधला तो अस्पष्ट माणूस आता ओळखू येत होता, बाबांचं 'चाल, जीप काढतो.' मला वाटत होतं की सर म्हणतील, एकाच फाईलच्या दोन कॉप्या आहेत, तुझा काहीतरी घोळ झालाय. मला तेच हवं होतं.

सर म्हणाले, "मंगळवारी गिटार उतरेल होती. अर्धा सूर खाली आहे. हे दोन येगळ्या टायमाले वाजवलं आहे तू." मग म्हणाले, "लय तं दोन्हीत पळून राह्यली."

मी घरी येऊन ट्यूनर लावून तपासलं. सर बरोबर होते.

कॅफेवाल्यानं कार्यक्रम दीड महिना पुढे ढकलला होता. तो झाला. सर पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, काकूंचा हात धरून. सातवं गाणं वाजवलं. दुसऱ्या अंतऱ्याला मी गायचीच थांबले आणि अर्धी ओळ नुसती गिटारच वाजली, पण कोणाचा फोन वाजला नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी उजवा हात मांडीवर आपटला.

मी अजूनही या गोष्टी मानते असं म्हणणार नाही. स्नेहल म्हणते योगायोग. पण फाईलवरच्या तारखेला योगायोग कसं म्हणायचं ते तिलाही सांगता येत नाही. दोन जाणकारांना फाईल दाखवली, दोघांनी ती खरी आहे एवढंच सांगितलं. ते सगळं घडण्याच्या पाच दिवस आधी ती कशी आली, हे कोणाला माहीत असेल तर जरूर लिहा.

रियाज चालू आहे, पण रेकॉर्ड करणं मी सोडलं. कार्यक्रमाच्या दिवशी स्नेहलनं पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत व्हिडिओ काढला आणि घरी पोचायच्या आत मला पाठवला. छान आलाय म्हणते, आईबाबांनीही तिच्या फोनवर पाहिला.

मी तो अजून उघडलेला नाही.